सरकारी पाहुण्याची आंघोळ

मुक्काम औरंगाबाद, गुलमंडीच्या मागची गल्ली
माहे बहमन, ऐन थंडी, फसली सन १३२९

तीर्थरूप दगडाबाई आत्याबाईंच्या पायांवर, शेंद्र्याच्या मुक्कामी, भाचा सांडू याचा दंडवत पोचावा. (दंडवत लांबूनच घालतोय, कारण त्यांच्या काठीची लांबी मला ठाऊक आहे.) मी इथं औरंगाबादेत एकदम सुखरूप आहे, माझी काळजी नसावी. तुमचा उजवा गुडघा, डावा डोळा अन् काळी म्हैस या तिघांची खुशाली कळावी. म्हैस अजून माझं नाव काढलं की शिंग हलवते का, तेही कळावं.

पत्र बद्रीनाथ मास्तर वाचून दाखवतील, त्यांनाही नमस्कार. मास्तर, तुम्ही मला तिसरीपर्यंत शिकवलं, पुढं शिकायला मीच थांबलो नाय, त्यात तुमचा काय दोष नाय. एक अर्ज आहे. या पत्रात जे कंसात लिहिलंय ते तुमच्या एकट्यासाठी आहे, ते मनातल्या मनात वाचावं. (वरचा काठीचा कंस वाचून झाला असेल तर आता इलाज नाय.) अन् वाचताना पदरचं काही घालू नये. मागं पुंजारामच्या पोरानं नुसती खुशाली कळवली होती, तिच्यात तुम्ही एवढा उपदेश मिसळला की त्याची आई रडून उठली अन् पोरगं वाया गेलं म्हणून गावभर सांगत फिरली.

आता आत्याबाई, तुमची मुख्य तक्रार. चैतात तुम्ही मला मोटेचा नवा नाडा आणायला शहरात धाडलं अन् मी अजून आलो नाय. खरं आहे. नाडा आणायला गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत घरी येतो, हे मलाही कबूल. पण चिकलठाण्याच्या अलीकडं मला एक अस्वलवाला भेटला. त्याच्या अस्वलाच्या पायात काटा गेलेला, अन् त्याला काटा काढायला एक माणूस अन् अस्वल धरायला एक माणूस लागत होता. मी अस्वल धरलं. मग ते लंगडं अस्वल एकट्यानं पैठणला कसं जाणार, म्हणून सोबत गेलो. पैठणला एका नाटकवाल्यांच्या बत्त्या उचलल्या, तिथून खुलताबादेला उरसात रेवड्या विकल्या, रेवड्या मीच जास्त खाल्ल्या म्हणून तेही काम सुटलं. पण नाड्याचा विचार एक दिवस डोक्यातून गेला नाय, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगतो. (तुमच्या गळ्याची नको मास्तर, तुम्हाला खोकला आहे.)

हिंडत हिंडत औरंगाबादेत आलो तेव्हा नूरमोहम्मदचाचांनी मला ठेवून घेतलं. चाचा हिमरू विणतात. हिमरूचा माग खड्ड्यात असतो, विणकर जमिनीवर बसून खड्ड्यात पाय सोडतो, अन् वर असं रेशीम उमलतं की बघणाऱ्यानं तोंड मिटायला विसरावं. मी सुताच्या कांड्या भरायचो. त्यांची बायको मुनिराखाला, हिच्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते. घासलेली पातेली ती पुन्हा घासते, पहिल्या वेळेला आपण घासली होती यावर तिचा विश्वास बसत नाय म्हणून. अन् त्यांची एकुलती लेक राहत, जालन्याहून पहिल्या बाळंतपणाला आलेली, आता नववा सरत आलाय. पोरगी लई गुणाची, पण हसायला लागली की दोन्ही हातांनी पोट धरून बसते, अन् मी जवळ असलो की सारखी हसते, त्यामुळं खालानं मला तिच्यासमोर तोंड उघडायची बंदी केलीय.

असं सगळं बरं चाललं होतं अन् शहरात उंदीर पडायला लागले. आपल्याकडं उंदीर पडला की माणसं गाठोडं बांधून रानात जातात. शहरात उंदीर पडला की आधी इकडं तिकडं बघतात, मग तो चिमट्यानं उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकतात, अन् मग शेजाऱ्याला हाक मारून सांगतात की तुमच्याकडं उंदीर पडलाय. गुलमंडीत एक उंदीर तर एवढी घरं फिरला की मेल्यावर त्यानं जेवढं शहर पाहिलं तेवढं जिवंतपणी पाहिलं नसेल. मी त्याच्या मागं मागं गेलो होतो, कुठवर जातो बघायला. तो प्लेगच्या महकम्याच्या, म्हणजे सरकारी खात्याच्या, दारात जाऊन थांबला, अन् मीही.

दारात टोपल्या उतरत होत्या. टोपल्यांत एक जनावर. भरताच्या वांग्याएवढं, शेपटी नाय, कान असून नसल्यासारखे, अन् तोंडावर असा भाव की आपलं कुणाशीच वैर नाय. महकम्यातले डॉक्टरसाहेब त्याला गिनीपिग म्हणतात, लोक विलायती उंदीर म्हणतात. साहेबांनी विचारलं, याला धरशील का? मी म्हणालो, साहेब, मी अस्वल धरलंय. तिथल्या तिथं नोकरी लागली.

आत्याबाई, आता जरा पदर सावरून नीट ऐका, हे कामाचं आहे. डॉक्टरसाहेब सांगतात की उंदीर बिचारा स्वतःच रोगी. खरा गुन्हेगार त्याच्या अंगावरची पिसू. रोग तिच्या पोटात असतो. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडतात, जसं घर पडल्यावर भाडेकरू बिऱ्हाड हलवतो, अन् जवळ जे ऊबदार सापडेल त्याच्यावर उडी मारतात. ऊबदार म्हणजे तुम्ही, मी, मास्तर. म्हणून जिवंत उंदरापेक्षा नुकता मेलेला उंदीर वाईट, अन् त्याला हातानं उचलणारा सगळ्यात शहाणा. या पिसवा धान्याच्या पोत्यांत, गोधड्यांत, चिंध्यांत बसून गावोगाव जातात. साहेब तर म्हणाले की जपानच्या मुलखात याहून बारीक किडे आहेत, डोळ्याला धड दिसत नायत, रानउंदरांवर वाढतात, गवतात बसतात, अन् गवतात लोळणाऱ्याला ताप देतात. तेव्हापासून मी गवतात लोळणं सोडलं. (मास्तर, तुम्ही दुपारी शाळेमागं कडब्यात झोपता ते मी आत्याबाईला सांगितलेलं नाय.)

तर माझं काम असं. ज्या घराचा संशय असेल तिथं संध्याकाळी एक जनावर सोडून यायचं. घरात उपाशी पिसवा असल्या तर त्या रातोरात त्याच्या केसांत शिरतात. सकाळी त्याला आणायचं, साहेब पांढऱ्या कापडावर त्याला विंचरतात. पिसवा निघाल्या तर घर खाली करायचं, माणसांनी हर्सूलच्या वाटेवरच्या माळावर जायचं. तिथं सरकारनं तट्ट्यांच्या झोपड्या बांधून ठेवल्या होत्या. किती साधी गोष्ट! पण पहिल्याच घरात दार माझ्या नाकावर आपटलं. गुलमंडीतल्या कापडवाल्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आमचे उंदीर मारा म्हणता, अन् तुमचा आम्ही पाळायचा व्हय रे मुडद्या?"

मी म्हणालो, बाई, हा उंदीर नाय, हा सरकारी पाहुणा आहे. आजची रात्र तुमच्याकडं राहील, सकाळी साहेबापुढं जाईल, अन् साहेब त्याच्याकडं बघून ठरवतील की हे घर कसं आहे. यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा. पण लक्ष्मीबाईंचा चेहराच पालटला. दार सताड उघडलं. आतून पाट आला. दुसऱ्या दिवसापासून गुलमंडीत मला कुणी दार लावलं नाय, उलट आमच्याकडं पाहुणा कधी म्हणून लोक रस्त्यात अडवायला लागले.

अन् काय सांगू आत्याबाई, पिसू एक निघेना! घरामागून घर, जनावरामागून जनावर, पांढरं कापड पांढरंच. साहेब चकित. त्यांनी वहीत लिहिलं की इथल्या हवेत या जनावराच्या अंगाला अत्तराचा वास सुटतो. एकदा एकाच्या कपाळावर लाल ठिपका दिसला, तर त्यांनी नवं लक्षण म्हणून त्याचं चित्र काढून हैदराबादला पाठवलं. एकाच्या गळ्यात ताईत निघाला. एकाच्या गालावर काजळाचं बोट होतं. मला वाटलं, विलायती जनावर आहे, अत्तराचा वास असायचाच, मोठ्या साहेब लोकांनाही असतो.

वरचे अंमलदारसाहेब तर लई खूश. त्यांनी वर कळवलं की शहरातली पिसू हटली, प्लेग सरला, अन् ही आपल्या बंदोबस्ताची करामत. उंदीर मात्र पडतच होते. त्यावर अंमलदारसाहेबांचं म्हणणं असं की उंदीर थंडीनं पडतात. मग हुकूम निघाला की माळावरच्या झोपड्या मोडाव्या, अन् त्याच तट्ट्या आणून शुक्रान्याच्या, म्हणजे आभार मानायच्या, जलशाचा मांडव घालावा.

इकडं आमच्या घरी एका सकाळी चाचांनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडला अन् तसाच वर घेतला. खड्ड्यात उंदीर. चाचा कमी बोलतात. ते म्हणाले, "चलो, बोरिया बांधो." खाला म्हणाली, नको. राहतचे दिवस भरलेले, थंडी अशी, उघड्या माळावर पोरीला न्यायची? अन् लोक काय म्हणतील, मुनिराच्या घरात पिसवा? मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "पहले तेरे मेहमान कू ला. वो बोल्या तो जाएंगे, नै तो नै." म्हणजे राहत अन् पोटातलं लेकरू यांचा फैसला आता एका वांग्याएवढ्या जनावरावर आला.

मी सगळ्यात तरतरीत जनावर निवडून आणलं अन् खड्ड्याजवळ सोडलं. पहाटे शिंकेचा आवाज आला म्हणून उठलो. बघतो तर खाला मोरीत बसलेली, मांडीवर पाहुणा, शेजारी कडुलिंबाच्या पाल्याचं ऊन पाणी, अन् ती त्याच्या काखा चोळतेय. बाजूला लोबानाची धुरी तयार. मी म्हणालो, खाला, ये क्या करतें? ती म्हणाली, "क्या करतें म्हणजे? साहेब के सामने जानेवाला है. हमारे घर का मेहमान ऐसाच गंदा भेजूं क्या? लोगां थूकेंगे मेरे पो! वो लक्ष्मीबाई तो तेल मल को, उटणा लगा को, दूध सूं न्हिलाई बोलते. हम गरम पानी सूं भी नको?"

सगळ्या गुलमंडीनं, आत्याबाई, सगळ्या गुलमंडीनं पाहुण्याला आंघोळ घालून पाठवलं होतं! कुणी लबाडीनं नाय. आपल्या घरातून सरकारी पाहुणा पिसवा घेऊन गेला तर अब्रू काय राहील, एवढ्याच काळजीनं. हिंदूनं उटणं लावलं, मुसलमानानं अत्तर लावलं, अन् प्लेग दोन्ही घरांत आरामात बसून राहिला.

मी तसाच पळत डॉक्टरसाहेबांकडं गेलो. (वाटेत जरा एका ताबूत बनवणाऱ्याचं भांडण बघायला थांबलो, पण ते लहानच होतं.) साहेबांनी सगळं ऐकलं, टोपी काढून मेजावर ठेवली, अन् लाल ठिपक्याचं चित्र हैदराबादेहून परत मागवता येईल का एवढंच विचारलं. मग दुसरं जनावर माझ्या हातात दिलं. ते मी संध्याकाळी खड्ड्यात सोडलं अन् शेजारी राखणीला बसलो. समोर खाला तांब्या घेऊन बसली. ती म्हणे नुसतं तोंड धुते. मी म्हणे नाय. ती म्हणे निदान पाय तरी. चाचा मधे बसून दोघांना पान देत होते. सकाळी साहेब स्वतः पांढरं कापड घेऊन आमच्या दारात आले. त्यांनी विंचरायला सुरुवात केली, मोजायला सुरुवात केली, अन् मग मोजणं सोडून आपले दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

खाला रडली नाय. तिनं आधी विचारलं की हे बाकीच्यांना कळेल का. मग राहतकडं बघितलं, अन् पुन्हा ते विचारलं नाय. साहेब म्हणाले, आज दिवस मावळायच्या आत घर सोडा, अन् कापूस, गोधडी, गादी, जे जे मऊ आहे ते इथंच राहील. खालानं बाळासाठी हिमरूच्या तुकड्यांची एक इवलीशी दुलई शिवली होती. ती मागाजवळच्या पेटीत होती. तिनं ती काढली, चुलीवरच्या उकळत्या पाण्यात स्वतःच्या हातानं टाकली, अन् रंग सुटून पाणी लाल हिरवं होताना बघत उभी राहिली. राहत त्या दिवशी हसली नाय, अन् मीही तोंड उघडलं नाय.

साहेब मला घेऊन अंमलदारसाहेबांकडं निघाले, की सगळी घरं पुन्हा तपासायची, झोपड्या पुन्हा उभ्या करायच्या. तर जलसा सुरू झालेला. तट्ट्यांचा मांडव, खाली पांढरी चांदणी अंथरलेली, शहरातली मोठी माणसं लोडाला टेकलेली, लक्ष्मीबाईंचे मालक पहिल्या रांगेत. अंमलदारसाहेब उभे राहून सांगत होते की आता या शहरात पिसू औषधालाही मिळणार नाय. अन् तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून एक उंदीर आला. दारू प्याल्यासारखा झोकांड्या खात, भर सभेतून, कुणाकडं न बघता तो थेट अंमलदारसाहेबांच्या बुटापाशी गेला, गरकन फिरला अन् तिथं आडवा झाला. सगळी सभा कडेच्या तट्ट्यांना जाऊन चिकटली. एकटे अंमलदारसाहेब जागेवर, कारण बूट हलवावा तर उंदीर हलतो. पण माणूस मोठा हुशार. त्यांनी खाली बघितलं अन् म्हणाले, "यह चूहा शहर का नहीं, बाहर का मालूम होता है." लगेच टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवत वाजवतच सगळे बाहेर पडले, अन् बाहेर पडल्यावर पळाले.

डॉक्टरसाहेबांनी उंदरावर घासलेट ओतलं, पेटवला, अन् आता पुन्हा घरोघर फिरणार आहेत. झोपड्यांचं मात्र असं की त्याच तट्ट्यांच्या मांडवाला ती आग लागली. कुणाला काही झालं नाय, पण माळावर आता राहायला उघडं आभाळ तेवढं उरलंय. असो. शहरात असं चालायचंच. ऐकतो की शेंद्र्यात दवंडी पिटलीय, शहराचा माणूस वेशीच्या आत घ्यायचा नाय, अन् वेशीवर राखणीला जे बसतात त्यांत पहिली काठी तुमची. बरोबरच आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. तब्येतीला जपा. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, म्हशीला जे योग्य वाटेल ते.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द मास्तरांनीच शिकवला होता),
सांडू

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारतो, आपल्या मळ्यातली विहिरीजवळची झोपडी रिकामीच आहे ना? ती वेशीच्या बाहेर पडते, म्हणजे तिथं कुणी राहिलं तरी दवंडी मोडत नाय. आतला कडबा काढून जमीन झाडून ठेवली तर बरं. अन् धान्याचं पोतं तिथं ठेवू नका.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालानं आलेलं नाय, हे मास्तरांच्या ध्यानात आलं असेल. ज्या दाढीवाल्या गृहस्थानं ते लांबच दगडाखाली ठेवून मागं पाय घेतले तेच नूरमोहम्मदचाचा. वडाखाली थांबलेल्या बैलगाडीत मुनिराखाला अन् राहत. अंगावरचे कपडे उकळून वाळवलेले आहेत, सोबत एक चिंधी आणलेली नाय, ओली दुलई तेवढी गाडीच्या दांडीवर वाळतेय. आत्याबाई, राहतला चिकलठाण्यापासून कळा येतायत. पंचक्रोशीत तुमच्या हातची सुईण दुसरी नाय, माझा जन्मही तुमच्याच हातचा, अन् तो बिघडला यात तुमच्या हाताचा दोष नाय. वेशीच्या आत घेऊ नका, पण मळ्यात तुम्ही या. काठी आणली तरी चालेल.

ता. क. तिसरा. (मास्तर, हा कंस मोठ्यानं वाचा. अन् वर बघू नका. मी औरंगाबादेत सुखरूप नाय. मी बांधावरच्या बाभळीमागं उभा आहे. आत्याबाई मळ्याकडं निघाल्या तर मी बाहेर येऊन पाणी तापवायला घेतो. माझ्याकडं निघाल्या तर मी नाडा आणायला जातो.)

ता. क. शेवटचा. नाडा आणलाय. तो चैतात सांगितलेला, मोटेचाच. गाडीतल्या टोपलीला बांधलाय, सोडून घ्या. टोपलीत डॉक्टरसाहेबांनी दिलेला पाहुणा आहे. आज रात्री त्याला झोपडीत सोडायचं, शहरातली पिसू आमच्याबरोबर इथवर आली का ते सकाळी त्याच्याकडून कळेल. राहतकडं तुम्ही बघा, म्हशीकडं मी बघतो, चाचांकडं कुणी बघायची गरज नाय. मुनिराखालाकडं मात्र सगळ्यांनी मिळून लक्ष ठेवा. मळ्यात विहीर आहे, पाणी भरपूर आहे, अन् येताना वाटेत ती मला दोनदा म्हणाली की पाहुण्याच्या अंगावर प्रवासाची धूळ लई बसलीय.